शेवटचा आकडा

"साहेब, त्यांना म्हणावं, मोबाइल बाहेर काढा!" थोरली जाऊ टेबलापलीकडच्या कारकुनाला म्हणाली, आणि 'त्या', म्हणजे तिच्या कोपराला कोपर लावून बसलेली धाकटी, मांडीवरची पिशवी आणखीच आवळून बसली...

"मोबाइल काढा," कारकून म्हणाला. एकाच घरात मधे पत्रा ठोकून राहणाऱ्या या दोन जावांचा दुभाषा म्हणून आपली नेमणूक कधी झाली, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

थोरलीच्या विधवा-अनुदानाला नवं बँक खातं आणि नवा मोबाइल क्रमांक जोडायचा होता. पण ओटीपी जाणार जुन्या क्रमांकावर, आणि तो होता धाकटीचा! अनुदानाचा अर्ज केला त्या काळात घरात एकच फोन होता. तेव्हा थोरलीचे पैसेही बँकेतून धाकटीच आणून द्यायची. मग एकदा अनुदान रखडलं आणि थोरलीनं भर गल्लीत टाहो फोडला, "मेसेज दाबला, पैसे गिळले, चोरटी!" पुढे कळलं, सगळ्या वस्तीचेच पैसे अडकले होते. पैसे आले, शब्द मात्र मागे घेतला गेला नाही. आणि तरीही ती अभागी धाकटी, स्वतःच्या चपलेला खिळे मारून, रबरबँडनं बांधलेल्या त्या फोनला रिचार्ज मारत राहिली, मेसेज आला की पत्र्यावर उलथनं आपटून कळवत राहिली... केवढं ते अंतःकरण! पत्र्याला मात्र पोचे पडले.

"आला ओटीपी? सांगा."

"पाच... आठ... शून्य... दोन... नऊ..." धाकटीनं फोन पदराखाली झाकला.

"शेवटचा?"

"शेवटचा नाही सांगणार! आधी यांनी म्हणावं, मी चोर नाही!"

कारकून थोरलीकडे वळला. "त्या चोर नाहीत असं म्हणा."

"हे फॉर्ममध्ये आहे का?"

"नाही."

"मग?"

पडद्यावरचे सेकंद विरघळत चालले. ओटीपी चुकला तर खातं गोठणार, खातं गोठलं तर थोरलीच्या हृदयाच्या गोळ्या बंद! धाकटीची नजर तिच्या सुजलेल्या पावलांवर गेली... आणि सारा अभिमान गळून पडला.

"चार!" ती हुंदका देऊन ओरडली. "घ्या, चार! एवढं गिळलं, हेही गिळते!"

"झालं. तुमचा क्रमांक रद्द," कारकून म्हणाला. धाकटीच्या काळजात काहीतरी तटकन तुटलं. मग तो थोरलीला म्हणाला, "आता पर्यायी क्रमांक. विश्वासातल्या माणसाचा. मुलाचा देता?"

"तो फोन उचलत नाही."

मग भिंतीकडे बघत, कुठेही न अडखळता, थोरलीनं धाकटीचा क्रमांक म्हटला.

"अहो, हाच तर आत्ता काढला!"

"मग परत लावा."

"नातं?"

"...जाऊ."

"जाऊबाई!" धाकटीला रडू आवरेना. आता एक शब्द... फक्त एकच शब्द! ती थोरलीच्या तोंडाकडे डोळ्यांत प्राण आणून बघत राहिली.

"साहेब," थोरली म्हणाली, "त्यांना विचारा, रडायला काय झालं?"

"रडायला काय झालं?" कारकुनानं विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीनं पदरानं डोळे पुसून वाचलं: 'आपला क्रमांक विश्वासातील व्यक्ती म्हणून नोंदवला आहे. हरकत असल्यास कळवावे.'

हरकत होती. जन्मभराची होती... पण ती कुणाला कळवायची, हे मात्र मेसेजमध्ये दिलेलं नव्हतं.