दादांच्या डब्यातली माती

श्यामकांतच्या खोलीत शिरल्या शिरल्या श्रीरंगने हातातला पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. "श्यामकांतराव, माझ्या घरात चोरी झालीय. माती चोरीला गेलीय."

चहा गाळणाऱ्या श्रीनाथला, श्यामकांतच्या खोलीतल्या सोबत्याला, हसू आवरेना. साल १९५९, जर्मनीतलं निम्मं कोलोन शहर अजून बॉम्बच्या ढिगाऱ्यातून डोकं वर काढत होतं. अशा गावात माती चोरायची म्हणजे नदीकाठी राहून पाणी चोरण्यातला प्रकार. श्यामकांत मात्र हसला नाही. विमा कंपन्यांसाठी खाजगी तपास करून त्याची एक समजूत पक्की झाली होती, की फालतू वस्तू कुणी फालतू कारणासाठी नेत नाही.

श्रीरंग इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होता. त्याचे थोरले भाऊ दत्तात्रय मास्तर सगळ्या भावांच्या नावाने गोदाकाठी पाच एकर जमीन घ्यायला निघाले होते. घराण्यात आजवर कुणाच्या नावावर वीतभर रान नव्हतं. दलाल म्हणे, माती काळी, कसदार. पण दादा म्हणजे दुधाने तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारे. त्यांनी स्वतः शेतातली माती खणून काढली आणि जर्मनीला निघालेल्या, गावातल्याच मोहनबरोबर श्रीरंगकडे धाडली. तपास आणि तारेने कळव, असा निरोप होता.

"तिकडची काळी माती आम्ल टाकलं की फसफसते. तिच्यात चुनखडी असते," श्रीरंग म्हणाला. "ही ढिम्म. ही आमची मातीच नव्हे. मालक उद्यापर्यंतच थांबणार आहे, तेव्हा तार आजच गेली पाहिजे. आता घ्या म्हणू की नको म्हणू?"

"संशय कुणावर?"

श्रीरंगने मान खाली घातली. "सुधावर, माझ्या बायकोवर. तिला जमीन नकोच होती, पुण्यात घर हवं होतं. दिवसभर घरात तीच एकटी असते. सकाळी मी तोंडावर बोललो. ती नुसती रडली."

श्यामकांतने चिमूटभर माती तळहातावर चोळली. तीत कांद्याच्या सालीसारखा पातळ तपकिरी पापुद्रा निघाला.

"सुधावहिनींनी कांदे चिरले असतील," श्रीनाथने आपलं मत दिलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

आधी मोहनला गाठलं. नव्यानेच आलेल्या त्या पोराला जर्मनचं अक्षर येत नव्हतं. डबा आपण बोटीत उशाशी ठेवला होता, असं त्याने शपथेवर सांगितलं. कस्टमवाल्यांची कटकट नको म्हणून झाकणावर लाल रंगाने रोमन अक्षरांत 'गिफ्ट' असं ठसठशीत लिहिलंही होतं.

"तरी जर्मन हद्दीत अधिकारी डबा बघून दचकलाच. उघडायला लावला. आत माती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि पोट धरून हसला. का ते कळलं नाही. जा, जा म्हणत सोडून दिलं."

"आमची माती हसण्यासारखी आहे का?" श्रीनाथ चिडला.

मग सगळे श्रीरंगच्या घरी गेले. सुधाचे डोळे सुजले होते. श्यामकांतने जमिनीविषयी एक अक्षर काढलं नाही. घरातलं आणखी काही हरवलंय का, एवढंच विचारलं. ती आठवू लागली. भाजीची सुरी सापडत नव्हती. लोणच्यासाठी आणलेली कडक व्हिनेगरची बाटलीही नव्हती. हो, हल्ली घरमालकीण फ्राऊ केसलर रोज दुपारी केक घेऊन वर येत आणि श्रीरंग येईपर्यंत हलत नसत.

फ्राऊ केसलर खाली परड्यात ट्यूलिपचे कंद लावत होत्या. डब्याचं नाव काढताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी उलट हळूच विचारलं, "तिला बरं आहे ना? रोज तिचं रडणं खाली ऐकू येतं."

"आता सगळे वर चला," श्यामकांत म्हणाला.

स्वयंपाकघरात त्याने डबा मधोमध ठेवला. "हा पापुद्रा कांद्याचा नाही, ट्यूलिपच्या कंदाचा आहे. म्हणजे माती परड्यातली. पण चोराने माती, सुरी आणि व्हिनेगर एकदम का न्यावं? श्रीरंग, हे झाकण वाच."

"गिफ्ट. म्हणजे भेट."

"इंग्रजीत. तुझ्या लॅबमधल्या बाटल्यांवर हाच शब्द असतो."

श्रीरंगने झाकण उचलून पुन्हा वाचलं. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. रोज डोळ्यांसमोर असलेला शब्द, पण डबा घरून आलेला, तेव्हा डोळ्यांनी तो घरच्या इंग्रजीत वाचला होता.

"यांनी मात्र जर्मनमध्ये वाचला," श्यामकांत म्हणाला. "दिवसभर एकटी रडणारी मुलगी आणि फळीवर विषाचा डबा. यांनी विष काढून घेतलं, कळू नये म्हणून परड्यातली माती भरली. धार असलेलं आणि पिऊन अपाय होईल असं जे दिसलं, तेही उचललं."

त्याने तेच जर्मनमध्ये सांगितलं, तेव्हा फ्राऊ केसलरनी एप्रनला हात पुसले. मग म्हणाल्या, "युद्धानंतर माझी बहीण अशीच गप्प झाली होती. मी तिचं कपाट उघडून पाहिलं नव्हतं."

त्या तळघरात जाऊन कागदाने बांधलेली एक बरणी घेऊन आल्या. औषधवाल्याकडे देऊन टाकायची हिंमत झाली नव्हती. कुठून आणलं असं त्याने विचारलं असतं, तर सुधाचं नाव सांगावं लागलं असतं. बरोबर सुरी होती, व्हिनेगर होतं. श्रीरंगने बरणीतल्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले. ढेकूळ सोड्यासारखं फसफसलं.

"मातीच्या उरलेल्या चाचण्या दुपारपर्यंत होतील," तो म्हणाला. "पण माती दादांचीच आहे आणि दलाल खोटं बोलत नव्हता."

सुधाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तिने वाकून फ्राऊ केसलरच्या पायांना हात लावला. मुलीला घेरी आली असं समजून त्या बाईंनी घाईघाईने तिला उचललं आणि छातीशी धरलं. सुधा तशीच राहिली.

"मी तसलं काही करणार नव्हते," ती मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली. "पण आईनंतर माझ्यासाठी असं कुणी घाबरलं नव्हतं. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

श्रीनाथने चष्मा पुसायला काढला. संध्याकाळी तार मी टाकून येतो, तेवढं मला जमेल, असं तो म्हणाला. श्यामकांतने त्याला दंडाला धरून जिन्याकडे नेलं.

श्रीरंग सुधाच्या शेजारी बसला. सकाळचे शब्द परत घेता येत नव्हते. "चुकलो मी," तो म्हणाला. "या बाईंना दिसलं ते मला दिसलं नाही. का रडत होतीस तू इतके दिवस?"

"अहो, सांगते," सुधा म्हणाली. "पण वेळ लागेल. तुमची लॅब?"

श्रीरंगने अंगातला कोट काढून खुंटीला लावला.