एक नंबरची किल्ली

गाडी किल्लीने सुरू होत नाही असा फोन आला, की मी निघण्याआधी एकच गोष्ट विचारतो: किल्ली त्याच गाडीची आहे ना? लोकांना राग येतो. येऊ दे. एका गृहस्थाने मला भर उन्हात शहराबाहेर बोलावून हातात मेहुण्याच्या गाडीची किल्ली ठेवली होती, तेव्हापासून मी कोणाच्या रागाची पर्वा करत नाही. गाड्यांच्या किल्ल्या बनवणं आणि रुसलेल्या गाड्यांची समजूत काढणं हा माझा धंदा. बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. नाहीतर किल्ली कपड्यांबरोबर धुऊन निघालेली असते आणि घरात कोणीच ते कबूल करत नसतं.

त्या सकाळी फोनवरच्या ताईंना राग आला नाही. "आमचीच आहे," त्या म्हणाल्या. "दुपारच्या आत आईला हॉस्पिटलात पोचवायचंय. लवकर या हो."

घर बैठं, लहानसं. शेजारी गॅरेज, आणि घरातून गॅरेजमध्ये उघडणारं एक दार. दारात कपड्यांची बॅग भरून तयार होती. तिच्याशेजारी उंच खुर्चीत ताईंच्या आई बसल्या होत्या, पुढ्यात वॉकर. एक पाय सरळ पुढे केलेला. त्यांचा खुबा पार निकामी झाला होता, वाकून गाडीत बसणं शक्यच नव्हतं. म्हणून या गाडीत ड्रायव्हरशेजारची सीट बदलून घेतली होती. कळ दाबली की ती दाराबाहेर फिरते, माणूस टेकतो, आणि सीट त्याला घेऊन आत जाते. काम चोख होतं. मी कौतुकाने हात फिरवून पाहिला.

"बाबूने बसवून घेतली," आई म्हणाल्या. "माझा मुलगा."

ताईंनी विषय बदलला. खुब्याच्या ऑपरेशनची तारीख महिनोन्महिने थांबून मिळाली होती. आज दुपारपर्यंत दाखल झालं नाही, तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की आणखी थांबलात तर हाड साथ देणार नाही, मग कायमचं अंथरूण.

"मग सरळ ॲम्ब्युलन्स बोलवा की," मी म्हणालो.

"आडवी होऊन या घराबाहेर मी एकदाच जाणार आहे," आई दारातून म्हणाल्या. "त्याला अजून अवकाश आहे."

मला हसू आलं. ताईंना आलं नाही.

मी कामाला लागलो. बॅटरी ठणठणीत. किल्ली कोरडी, धडधाकट, आणि खरोखर त्याच गाडीची. किल्ली फिरवली की स्टार्टर घरघरत होता, पण इंजिन पेटत नव्हतं आणि काट्यांमागे किल्लीचं छोटं लाल चित्र लुकलुकत होतं. म्हणजे गाडीला किल्लीची ओळख पटत नव्हती. हल्लीच्या किल्लीच्या डोक्यात तांदळाएवढी चिप असते आणि कुलपाभोवती तारेचं कडं असतं. किल्ली लावली की कडं चिपला विचारतं, तू कोण? उत्तर ओळखीचं असेल तरच पुढचं सगळं.

मी माझं यंत्र जोडलं. गाडीच्या आठवणीत दोन किल्ल्या होत्या. इथवर ठीक. पण खालच्या ओळीत 'आत्ता समोर असलेल्या किल्ल्या' याच्यापुढेही दोनच आकडा होता.

"दुसरी किल्ली खिशात आहे का तुमच्या?" मी विचारलं. "या मॉडेलची ही खोड आहे. ओळखीच्या दोन किल्ल्या एकदम जवळ आल्या की ती गोंधळते, कोणाचंच ऐकत नाही. अनोळखी किल्लीकडे मात्र ढुंकून बघत नाही."

ताईंनी खिसे उलटे करून दाखवले. मी माझा जुडगाही बाहेर बॉनेटवर ठेवला. आकडा बदलला नाही. मी कुलपातली किल्ली काढून ताईंच्या हातात दिली आणि त्यांना अंगणात उभं केलं.

आता यंत्र म्हणत होतं, समोर एक किल्ली. नंबर एक.

"तुमची कितवी?" मी ओरडून विचारलं, आणि मग मीच यंत्रात पाहिलं. ताईंची दोन नंबरची होती.

"एक नंबरची दादाकडे असते," अंगणातून ताई म्हणाल्या. "असायची."

मग त्यांनी आत येऊन हळू आवाजात सांगितलं. दादा म्हणजे बाबू, त्यांचा मोठा भाऊ. ही सीट बसवून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने गाडी धुतली, किल्ली पँटच्या खिशात टाकली, 'येतोच' म्हणून पायीच फाटकाबाहेर पडला. तो आलाच नाही. पोलीस झाले, फोटो छापून झाले. वर्ष उलटलं. गाडी तेव्हापासून ताईच चालवत होत्या, कधी कुरकुर केली नव्हती तिने. हॉस्पिटलातून तारीख आल्यापासून ती मधूनमधून अशी वागायला लागली, आणि आज तर हटूनच बसली.

"म्हणजे जाताना किल्ली गाडीतच पडली असणार," मी म्हणालो. "चला, सापडेल."

त्या कड्याची पोच बोटभर अंतराची. किल्ली लांब असूच शकत नव्हती. मी स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं झाकण उतरवलं, पायांखालचे गालिचे काढले, टॉर्च घेऊन पेडलच्या मागे डोकं घातलं. रबराचा वास, वाळलेलं एक पान, एक रुपेरी बटण. बस. माझं डोकं फिरायला लागलं. मशीन खोटं बोलत नाही असं मी गिऱ्हाइकांना दिवसातून दहादा ऐकवतो, आणि इथे मलाच त्याच्या थोबाडीत मारायची इच्छा होत होती.

शेवटी मी कडंच कुलपावरून सोडवलं. त्याला लांब वायर जोडली आणि ते हातात धरून गाडीभर फिरवायला सुरुवात केली. जिथे चिप, तिथे आकडा येणार. सोपं काम.

मागच्या सीटवर शून्य. डिकीत शून्य. फिरत्या सीटवर शून्य.

ड्रायव्हरच्या सीटवर बसून मी कडं दाराकडे नेलं. शून्य. पाठीमागे टेकायच्या जागी शून्य. खाली आणलं, मांडीच्या कडेला.

एक.

मी कडं सीटच्या गादीवर दाबलं. शून्य. वितभर वर घेतलं. एक.

गादीच्या वर, माझ्या मांडीला लागून. जिथे बसलेल्या माणसाच्या पँटचा खिसा येतो, तिथे. मघाशी कुलपाजवळ दिसलेली किल्ली आता इथे दिसत होती. माझा खिसा रिकामा होता. मी हात घालून पाहिला.

मी त्या सीटवरून उठलो. घाई केली नाही, पण उठलो.

आई दारातून बघत होत्या. "काय म्हणतंय यंत्र?"

"दुसरी किल्ली इथेच आहे म्हणतंय, मावशी."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. "म्हणजे आलाय तो," त्या म्हणाल्या. "बाबू, अरे सर जरा. हिला चालवू दे. उशीर होतोय राजा."

मी बाहेरून कडं अजून त्याच जागी धरून होतो. यंत्रावरचा आकडा शून्य झाला. मी श्वास घेतो न घेतो, तोच पुन्हा एक.

"हट्टी आहे," आई माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाल्या. "ऑपरेशनला मीच नेणार, दुसऱ्या कोणी गाडीला हात लावायचा नाही, असं बजावून ठेवलं होतं त्याने."

मी ताईंना बाजूला घेऊन धंद्याची गोष्ट सांगितली. किल्ली सापडत नसेल तर आम्ही गाडीची सगळी आठवण पुसतो आणि हातात असलेली किल्ली नव्याने शिकवतो. हरवलेली किल्ली मग परकी होते. कायमची. ती घेऊन कोणी आलं, तर गाडी त्याला दारही उघडणार नाही.

आईंचे कान तिखट होते. "त्याची किल्ली पुसायची नाही," त्या म्हणाल्या. "तो आला आणि गाडीने त्याला ओळखलं नाही, तर? त्याला वाटेल आपण त्याला टाकलं. मला नको ते ऑपरेशन. मी बसून राहीन, पण पुसायची नाही."

"आई, आत चल. औषध घ्यायचंय," ताई म्हणाल्या.

आत दोघींचे आवाज येत राहिले, मग नुसता आईंचा. ताई एकट्याच बाहेर आल्या. ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर हात ठेवून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. डोळे भरले होते.

"दादा," त्या सीटला म्हणाल्या, "मला आई चालती हवीये रे."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुसा."

मी कडं जागेवर बसवलं. यंत्राने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं.

आठवणीतल्या किल्ल्या शून्य. ताईंची किल्ली लावली. एक. समोर असलेल्या ओळखीच्या किल्ल्या, एक.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

आईंना आणलं. सीट बाहेर आली, त्या टेकल्या, सीट त्यांना घेऊन आत गेली. त्या खूश होत्या. "ऐकलं हो त्याने शेवटी," म्हणाल्या. काच खाली करून त्यांनी माझा हात धरला. "त्याची किल्ली ठेवलीत ना तशीच?"

ताई समोर बघत होत्या.

"ठेवलीये, मावशी," मी म्हणालो.

"देव तुमचं भलं करो."

गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली. मी रिकाम्या गॅरेजमध्ये वायरी गुंडाळायला बसलो. ऊन आतपर्यंत आलं होतं. फरशीवर चाकांचे पट्टे होते, बाकी काही नाही.

टक्.

मी मान वर केली. ड्रायव्हरचं दार जिथे होतं, तिथून आवाज आला होता. किल्लीवरचं बटण दाबल्यावर येतो तेवढाच, बारीक. दिवसभर तोच ऐकतो मी, चुकणार नाही.

टक्. टक्.

मग भराभर. गाडी उघडत नाही म्हटल्यावर माणूस दाबतो तसं.

मी जागचा हललो नाही. आवाज माझ्या बाजूने अंगणात गेला, फाटकापाशी पोचला. तिथे जरा वेळ काहीच नव्हतं.

टक्.

मग पुन्हा, थांबून थांबून, रस्त्याच्या दिशेने.