चौथ्या स्टेशनवरचे ठोके

पटलं तर घ्या, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझ्या मावसभावाच्या, शौनकच्या बाबतीत हे घडलं. गेल्या वर्षी, ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमध्ये, शनिवारी भरदुपारी.

हो, दुपारीच. असल्या गोष्टी काय घड्याळ बघून येतात?

शौनकचं काम ज्वालामुखीवर नजर ठेवण्याचं. ज्वालामुखी कुठे? लांब, पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटावर. डोंगरावर हादरे टिपणारी चार यंत्रं पुरलेली. त्यांना म्हणायचं स्टेशन. चारही यंत्रांच्या रेघा याच्या स्क्रीनवर. धोका वाढला की लेव्हल चढवायची, तीही यानेच. फाइव्ह म्हणजे शेवटची. ती लागली की बेटावर भोंगा वाजतो, बोट तडक सुटते. मागे राहिला तो राहिला.

त्या आठवड्यात बेटावर त्याची बायको होती. ऋता, भूगर्भशास्त्रज्ञ.

स्टेशन तपासताना ती शेजारच्या जमिनीवर हातोडीने ठोके द्यायची. दोन... मग थांबून एक. घराचं दारही अस्संच वाजवायची. ठोके स्क्रीनवर उमटले की शौनक फोनवर सांगायचा, "दिसलं!"

त्या दुपारी चारही रेघा एकदम पिसाळल्या.

ऋताचा फोन लागेना. त्याने बोटवाल्याला फोन लावला.

"नो वरीज, मेट. तुझी मिसेस इथेच बसलीये. बोटीत साठ माणसं आहेत, लवकर सांग."

शौनकने श्वास सोडला. माउस फाइव्हवर नेला.

आणि चौथ्या स्टेशनवर...

दोन. मग थांबून एक.

चौथं स्टेशन पार वर, विवराच्या तोंडाशी.

"तिला फोन दे!" तो ओरडला.

"अरे, मी बोटीत आहे," ऋता म्हणाली. आवाज तिचाच. "लाव ना फाइव्ह!"

दोन... एक. दोन... एक. आता घाईघाईने. कुणीतरी दार बडवत होतं जणू.

"शौनक, साठ माणसं आहेत!" मागून सिद्धार्थ, त्याचा बॉस, किंचाळला.

शौनक रडत होता. रडत रडतच त्याने बटण दाबलं.

बोट सुटली. थोड्याच वेळात डोंगर फुटला. पहिली रेघ मेली. दुसरी. तिसरी. चौथीवर दोन ठोके आले...

तिसरा आलाच नाही.

साठच्या साठ माणसं वाचली. ऋताही सुखरूप घरी आली. दार वाजवलं नाही. बेल दाबली.

चौथं स्टेशन राखेखाली गाडलं गेलं. त्याची रेघ सपाट हवी ना? तशी ती असतेही. पण शनिवारी, त्याच वेळेला... दोन. मग थांबून एक. शौनक "दिसलं" म्हणेपर्यंत थांबत नाही. यंत्र बिघडलंय, असं ऑफिसचं म्हणणं. गाडलेलं यंत्र बिघडतं कसं, ते कुणी सांगत नाही.

हे त्याने फक्त मला सांगितलं. ऋताला कळता कामा नये, अशी शपथ घातली.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. शनिवार होता. शौनक आतल्या खोलीत, लॅपटॉपवर. दार लोटलेलं. त्याचा दबका आवाज आला, "दिसलं गं... दिसलं."

ऋता चहा गाळत होती. कप माझ्या हातात दिला, आणि अगदी हळू विचारलं,

"अजून ठोकतेय का ती?"

चहा मी तसाच ठेवून निघालो. त्यानंतर त्यांच्याकडे गेलेलो नाही.