मोरीतली सळई

जिलालीच्या दुकानातून कॉम्प्युटर घरी आणायचा, एवढंच काम होतं. बा कब्बूरनं तो घोंगडीत गुंडाळून हातगाडीवर ठेवला आणि मोरोक्कोतल्या साफी शहराच्या कुंभारटेकडीचा चढ चढायला लागला. मागून जिलाली गाडीला नावापुरता हात लावून चालत होता. तोंड मात्र मजबूत चालू होतं.

"काका, माझ्याकडे एकदासुद्धा बंद पडला नाही. मेमरी बदलली, पंखा साफ केला, पॉवरचा डबा नवा टाकला. आता दोष असलाच तर तुमच्या घरात."

"घर माझ्या आज्यानं बांधलंय. तुझं दुकान परवाचं."

"म्हणून तर बरोबर आलोय. बघतो तुमच्या आज्यानं काय बांधलंय ते."

"बघण्याआधी ढकल. चढ आहे."

कब्बूर जन्मभर भट्ट्या लावलेला माणूस. असल्या खोक्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पण या खोक्यात तामू होती. तामू म्हणजे त्याची बायको; थाळ्या रंगवायची. कागदावर तिनं कधी एक रेघ ओढली नाही, सगळी नक्षी डोक्यात. हिवाळ्यात ती गेली, आणि थाळ्या तर केव्हाच लोकांच्या घरी गेलेल्या. मुलगी रहीमू आईच्या हाताखाली शिकलेली. ती आठवून आठवून एकेक वेल, एकेक मासा कॉम्प्युटरवर उतरवत होती. ते सगळं आज दिवस मावळायच्या आत कलाशाळेकडे पाठवायचं होतं. पसंत पडलं तर शाळेत जागा. नाहीतर पोरगी जन्मभर कारखान्यात सार्डिन माशांची डोकी उडवत बसणार.

आणि हे खोकं काम रंगात आलं की मरायचं. काढलेलं जायचं. रहीमू पुन्हा काढायची, पुन्हा तेच.

मरताना आवाज यायचा, स्पीकरमधून. तापल्या भांड्याला बोट लागलं की माणूस दातांतून श्वास ओढतो, तसा. स्स्स... आणि मग स्क्रीन काळा.

खोकं वरच्या खोलीत मांडलं, सुरू झालं. रहीमू कामाला बसली, जिलाली तिच्यामागे हाताची घडी घालून उभा राहिला. कब्बूर खाली अंगणात चुलीपाशी गेला. शुक्रवार होता, वाफवलेल्या रव्याचा कुसकुस व्हायलाच हवा, आणि तामू गेल्यापासून तो करणं त्याच्याच गळ्यात आलं होतं. नीट होत नव्हता. खालच्या भांड्यावर वरची चाळणी बसवली की तामू सांध्याला पिठात बुडवलेली फडक्याची पट्टी बांधायची, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून. निळ्या काठाची पट्टी. गाठ मारून टोक डावीकडून आत खोचायची. भट्टीत कब्बूरचा हात पोळला की मेंदी लावून वर बांधायची पट्टीसुद्धा तशीच. ती कुसकुसची पट्टी आता कुठं सापडत नव्हती. सगळं घर धुंडाळून झालं होतं.

हरभऱ्यांचं उकळतं पाणी त्यानं मोरीत ओतलं.

"बा!" वरून रहीमू ओरडली. "गेला परत!"

जिलाली दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आला. "आत्ता काय लावलंत तुम्ही? शेगडी? मोटार?"

"पाणी ओतलं. पाणी ओतायची पण परवानगी काढायची का तुझी?"

जिलालीचं लक्ष मोरीकडे गेलं. तोंडाशीच एक लोखंडी सळई जमिनीत ठोकलेली होती, तिची वायर भिंतीवरून वर गेली होती.

"हे अर्थिंग इथं कुणी दिलं?"

"मी. खोक्याला हात लावला की झटके बसायचे. वायरमन म्हणाला, ओल असेल तिथं सळई ठोका. मोरीइतकी ओल कुठंय?"

"आणि बंद पडायला लागलं कधीपासून?"

कब्बूरनं बोटांवर दिवस मोजले. सळई ठोकली त्याच आठवड्यापासून. हे आजवर त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"रहीमू, परत चालू कर. काम सेव्ह आहे ना?" जिलालीनं हाक दिली. "काका, आधी गार पाणी ओता."

ओतलं. काही नाही.

"आता गरम."

स्स्स... या वेळी तो आवाज खाली अंगणापर्यंत आला. लांबलचक, आणि शेवटी थोडा थरथरलेला.

मग खोकं सुरूच होईना. जिलालीनं वर जाऊन वायरी काढल्या, घातल्या, झाकण उघडलं. त्याचा चेहरा उतरला. "गरम पाण्यानं तिथं करंट उलटत असेल... डिस्क गेली असेल तर मग..."

"तर मग काय?" रहीमूनं विचारलं.

त्यानं झाकण परत बसवलं.

रहीमू खाली येऊन पायरीवर बसली. रडली नाही. बापाकडे बघत हळूच म्हणाली, "बा, आई गरम पाणी ओतताना काय म्हणायची?"

टेकडीवरच्या सगळ्याच बायका म्हणायच्या. तस्लीम. म्हणजे, सरका, पाणी येतंय. घराखाली राहणाऱ्यांना, घराच्या मूळ मालकांना. कब्बूर आयुष्यभर हसला होता त्यावर. मोरीला कसली विचारता परवानगी?

आता हसू येईना. त्याला सळई ठोकली तो दिवस आठवला. वरची माती कठीण होती. मग एका घावाला सळई एकदम गेली होती, मऊ, लोण्यात जावी तशी. ओली माती, असं तो तेव्हा स्वतःशी म्हणाला होता.

त्यानं वाटीभर कोमट दूध घेतलं, मिठाचा कण न लागलेलं, तामू त्या घराखालच्यांसाठी घ्यायची तसं. मोरीपाशी उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले. दुपार लख्ख होती, भिंतीवर कबुतरं होती, खालून समुद्राचा आवाज येत होता. पण मोरीतून वास येत होता तो मोरीचा नव्हता. ओल्या मातीचा होता, आणि... मेंदीचा.

"तस्लीम," तो पुटपुटला. "चुकलं. मला माहीत नव्हतं." मग घसा खाकरला. "म्हणजे, माहीत होतं. मी ऐकलं नाही. माझा हिशोब माझ्याशी करा. पोरीला तिच्या आईचं परत द्या."

दूध ओतलं. कबुतरं एकदम गप्प झाली.

वरून एक आवाज आला. आत ओढलेला श्वास कुणीतरी बऱ्याच दिवसांनी बाहेर सोडावा, तसा.

"काका..." जिलालीचा आवाज चिरका झाला होता. "मी बटण नाही दाबलं... आपोआप चालू झाला..."

सगळी नक्षी जागच्या जागी होती. प्रत्येक वेल, प्रत्येक मासा. रहीमूनं सगळं पाठवलं, आणि त्यानंतर मगरिबची, दिवस मावळल्याची अजान झाली. जिलालीनं कुसकुस तीनदा घेतला आणि "पाणी झिरपलं असणार, दुसरं काय," असं कुणी न विचारता सांगितलं. जाताना मात्र मोरीला मोठा वळसा घालून गेला.

कब्बूर त्या दिवसापासून पाणी गरम असो की गार, आधी सांगतो, मग ओततो. खोकं पुन्हा एकदाही मेलं नाही. पुढच्या महिन्यात कलाशाळेचं उत्तर आलं. रहीमूला जागा मिळाली. तामू गेल्यापासून घरात पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं हसलं.

उत्तर आल्याच्या दुसऱ्या दिवशी कब्बूरनं घराबाहेर भिंतीलगत अर्थिंगसाठी नवा खड्डा खणला. जुनी सळई आता तिथं ठेवणं बरं नव्हतं. त्यानं आधी तस्लीम म्हटलं, दोन्ही हातांनी सळई धरली आणि हलकेच ओढली, पायात रुतलेला काटा काढावा तशी.

ती अलगद वर आली. भोक सळईइतकंच होतं. बोटसुद्धा आत गेलं नसतं.

सळईच्या खालच्या टोकाला फडक्याची पट्टी गुंडाळलेली होती. निळ्या काठाची. आतून हिरव्या मेंदीनं माखलेली, गाठ मारून टोक डावीकडून आत खोचलेलं.

कब्बूरनं तिला बोट लावून पाहिलं. मेंदी ओली होती. आणि पट्टी अंगाला बांधलेली असावी इतकी कोमट होती.