हिरवा डॅशबोर्ड

चादरीत गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून तो आमच्या वर्कशॉपच्या दारात उभा होता.

"जुन्या गाड्यांचं आतलं प्लास्टिक रंगवतात, ते इथेच ना?"

"इथेच," मी म्हणाले.

चादर सुटली आणि मी गारच पडले. डॅशबोर्ड शेवाळासारखा गर्द हिरवा. सोबतचं त्यातल्या खणाचं झाकण मात्र मूळचं, तपकिरी.

"आजोबांची गाडी आहे. मी घड्याळं दुरुस्त करतो, म्हटलं हेही जमेल. झाकण राहिलंय, आणि रंग सुटतोय…"

मी नखाने टोकरलं. सालच निघाली. "आधी कशाने पुसलं होतं?"

"फडक्याने."

"म्हणजे जुनं पॉलिश तसंच राहिलं. साबणाने धुवायचं, स्पिरिटने पुसायचं, बारीक वॉटर पेपरने घासायचं, प्रायमर मारायचा – मग रंग. घाई नडली तुमची."

"घड्याळवाल्याची घाई पहिल्यांदाच पाहिली असेल तुम्ही." तो हसला. मलाही हसू आवरेना.

"बरं, रंग कोणता देऊ? हा की हा?" मी आधी डॅशबोर्डवर, मग झाकणावर बोट ठेवलं.

तो गोंधळला. "म्हणजे? दोन्हीचा एकच तर आहे."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण डोळ्यांत थट्टा नव्हती.

"हा हिरवा आहे," मी हळूच म्हणाले. "आणि हा… तपकिरी."

त्याने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागे स्प्रे मारणाऱ्या माझ्या आत्याने तोंडावरचा मास्क खाली केला. "हिरवागार आहे रे. पानासारखा."

तो मटकन स्टुलावर बसला. त्याला हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत, हे अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

"काल आईला दाखवला," तो म्हणाला. "ती न बोलता आत निघून गेली. मला वाटलं, तिला तिच्या वडिलांची आठवण आली…"

"आईंना खरं काय ते सांगा," मी म्हणाले. "डॅशबोर्ड माझ्यावर सोडा."

मग तो रोज येऊ लागला.

"अजून ओला आहे," मी म्हणायचे.

"वाळेपर्यंत थांबतो. हा डबा कोणता?"

"लाल."

"आणि तुमची ओढणी?"

"तुम्हाला कशी दिसते?"

"छान," तो म्हणायचा… आणि माझ्या हातातला ब्रश उगाचच थांबायचा.

नवव्या दिवशी वर्कशॉपात आणलेल्या गाडीत डॅशबोर्ड परत बसवला, तेव्हा त्याची आई आली. गाडीत बसली, तपकिरी डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि लेकाचं डोकं जवळ ओढलं. "वेड्या, मला वाटलं, तुला आजोबांचं काहीच नको आहे."

काम संपलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी तो आला, रिकाम्या हातांनी. थेट आत्यासमोर उभा राहिला.

"आत्या, मला तुमची भाची आवडते. मी तिला आवडतो का, ते विचारायला आलोय."

माझ्या हातातला वॉटर पेपर गळून पडला. कानाच्या पाळ्या पेटल्या. तो माझ्याकडे बघत वाट पाहत राहिला.

"उत्तर मिळालं की तुला," आत्या म्हणाली. "तोंड बघ तिचं, लालबुंद झालंय."

"मला ते दिसत नाही, आत्या," तो शांतपणे म्हणाला. "तिला सांगावंच लागेल."

आत्याने स्प्रेचा घरघरणारा कॉम्प्रेसर बंद केला.

"हो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.