समेआधीची जाग

मिरजेच्या त्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर रोज दुपारी दोन ते चार डबस्टेप हे यंत्रावरचं दणदणाटी संगीत वाजायचं आणि त्याची तक्रार कोणी करत नसे. भिंती हादरायच्या, सलाईनच्या बाटल्या किणकिणायच्या, आणि नातेवाईक रुग्णांच्या पापण्यांकडे डोळे लावून बसायचे. त्या पापण्या तेवढ्या वेळातच उघडायच्या.

रघुवीर गुरव, वय सदुसष्ट, पखवाजवादक. आयुष्यभर त्यांनी या संगीताला ‘गिरणीचा पट्टा तुटल्याचा आवाज’ म्हटलं, आणि लेकीनं, वैजयंतीनं, नेमकं त्यातच नाव कमावलं. रोज सकाळी ती इंटरनेटवर आपल्या श्रोत्यांना डबस्टेपचे तीन तुकडे सुचवायची आणि प्रत्येकात वेगळं काय, ते दोन ओळींत सांगायची. यावरून बाप-लेकीचं सात वर्षं बिनसलं होतं. पाच महिन्यांपूर्वी अपघातात तिच्या डोक्याला मार बसला, ती बेशुद्ध झाली आणि गुरवांना भांडायलाही कोणी उरलं नाही.

डॉ. सुहासिनी मगदूम यांनी त्यांना पहिल्याच दिवशी सगळं समजावलं होतं. “काका, मेंदू सतत पुढचं ओळखत असतो. जिन्याची पुढची पायरी, वाक्यातला पुढचा शब्द. वैजयंतीच्या मेंदूतली जाग आणणारी वाट तुटलीय. पुढचं ओळखणारी मात्र शाबूत आहे. काहीतरी नक्की येणार, पण कधी ते कळत नाही, असा ताण वाढला की त्या वाटेनं तेवढ्यापुरती जाग येते.” अशी जाग येण्याला त्या ‘वाटजाग’ म्हणत. वाट पाहण्यानं आलेली जाग.

“मग हा धुडगूस कशाला ओ? भजन लावा की.”

“भजन तिला पाठ आहे, काका. आणि ताण या संगीतात जास्त वाढतो. मिनिटाला एकशे चाळीस ठोके, पण चाल निम्म्या वेगाची. आवाज चढत जातो, क्षणभर सगळं गप्प होतं आणि मग तो थरथरता खर्ज कोसळतो. त्याला ड्रॉप म्हणतात.”

“म्हणजे सम. ताल जिथं येऊन पडतो ती मात्रा.”

“सम. पण ती आली की वाट पाहणं संपतं आणि वैजयंती पुन्हा बेशुद्ध होते.”

शिवाय एक तुकडा एकदाच चालायचा. एकदा ऐकला की सम कधी येणार ते मेंदूला कळलेलं असायचं. वैजयंतीनं तर सगळंच ऐकलेलं. उरले फक्त गेल्या पाच महिन्यांत निघालेले तुकडे. त्यातले चांगले निवडण्यासाठी गुरव जुन्या तुकड्यांवरची तिची टिपणं घेऊन बसले. ‘उपाशी कोठार: ड्रॉप चार मात्रा उशिरा. त्या चार मात्रांतच सगळा जीव आहे.’ ‘तेराव्या मजल्याखाली: आधी खोटी सम, मग खरी. फसल्याचा आनंद होतो.’ ही तर आपलीच लयकारी, हे कळायला त्यांना सात वर्षं लागली होती. त्या टिपणांवर डोकं ठेवून ते रडले.

पण सवय कुठे जाते? सगळ्यांत उत्तम तुकड्याच्या वेळी ते खाटेशेजारी बसून मांडीवर ताल धरत होते. सम जवळ आली तसा त्यांचा हात आपोआप वर गेला. वैजयंतीनं तो हात पाहिला. सम कुठे पडणार ते तिला कळलं आणि खर्ज कोसळण्याआधीच तिचे डोळे मिटले. मिनिटभराची जाग बावीस सेकंदांत गेली. गुरवांनी त्या दिवशी स्वतःचा हात भिंतीवर आपटून घेतला.

आता यादीत एकही तुकडा उरला नव्हता.

“तासभर सलग जागी राहिली तर तुटलेली वाट पुन्हा जुळेल, असा आमचा अंदाज आहे,” मगदूम म्हणाल्या. “पण आठ मिनिटांपुढे अजून कोणी गेलेलं नाही. तेवढा लांब तुकडाच नाही.”

“मी वाजवतो. तासभर समेवर येणारच न्हाई.”

तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा, घेऊन समेवर न येणारा वादक आणि मांडवात न पोचणारा नवरदेव सारखेच, असं शिष्यांना सांगणारे हे गुरव.

“काका, ही जाग सुखाची नसते. इतका ताण सहन केल्यावर काय होतं, ते आम्हालाही ठाऊक नाही.”

“सुखाचं कुणाला पायजे? जागी पायजे.”

त्यांनी पखवाज मांडीवर घेतला. दुसऱ्या मिनिटाला तिनं डोळे उघडले. पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, “आबा, झकास वाजवताय.” म्हातारा सुखावला. प्रत्येक तिहाई समेच्या तोंडाशी आणून ते वळवत राहिले.

बाराव्या मिनिटाला ती म्हणाली, “आता या समेवर.”

विसाव्या मिनिटाला तिनं चादर मुठीत धरली. “आबा, द्या की ओ. समेचा एक धा द्या. सहन होत न्हाई.”

“काका, थांबायचं असेल तर थांबा,” मगदूम म्हणाल्या.

“किती झाली?”

“तेवीस.”

गुरवांनी मान खाली घातली, कारण तिच्याकडे बघत वाजवणं शक्य नव्हतं. ती अर्धा तास विनवत होती. लहानपणी तापातसुद्धा तिनं कधी असं विनवलं नव्हतं. मग ती गप्प झाली आणि ते त्यांना जास्त जड गेलं.

एकसष्टाव्या मिनिटाला मगदूम म्हणाल्या, “वाट जुळली. द्या आता.”

त्यांनी धा दिला. जन्मात तसा वाजला नव्हता. तिचे डोळे उघडेच राहिले. मगदूमांनी नर्सला मिठी मारली. गुरवांनी लेकीचा चेहरा ओंजळीत धरला. “झालं, वैजू.”

ती त्यांच्या हातांकडे बघत होती. “थांबलात का? सम राहिली.”

“दिली की बाळा.” त्यांनी पुन्हा दिली. तिनं मन लावून ऐकलं आणि पुढची वाट पाहिली.

मगदूमांनी मेंदूच्या लहरी दाखवणाऱ्या पडद्यावरच्या रेषा पुन्हा तपासल्या. तुटलेली वाट जुळली होती ती वाट पाहण्याच्याच वाटेला. वाट पाहणं थांबलं असतं तर जागही गेली असती, म्हणून मेंदूनं आता काहीही आलं तरी ते आलं म्हणून मानणं सोडून दिलं होतं.

संध्याकाळी ती भाकरी-आमटी पोटभर जेवली आणि जेवण कधी येणार म्हणून विचारू लागली. गुरव तिचा हात धरून शेजारी बसले. “मी हाय इथं, वैजू. कुठं जात न्हाई.”

“हां,” ती म्हणाली. मग दाराकडे बघत तिनं विचारलं, “पण आबा कधी येणार?”