गेटवरचा माठ

उलव्याचा उन्हाळा तिथल्या माणसाला सांगावा लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. ऊन एक वेळ परवडलं, माणूस सावलीला जातो. पण ही उकड! अंघोळ करून टॉवेल खांद्यावर टाकेपर्यंत पाठ पुन्हा चिंब. डब्यातले पापड मऊ, कपाटातल्या कपड्यांना आंबूस वास, सकाळी भरलेल्या मीठदाणीत दुपारी पाणी. त्या वर्षीचा मे तर असा आला की खाडीवरचा वाराही कुठेतरी दडी मारून बसला. त्यात रोज दुपारी बाराच्या ठोक्याला वीज जायची ती तीनला यायची. सगळा सेक्टर त्या तीन तासांना शिव्या घालायचा.

चारुदत्त शिव्या घालत नसत, नोंद करत. विमा कंपनीत चौतीस वर्षं त्यांनी जळालेली गोदामं आणि बुडालेल्या बोटी तपासण्यात घालवली होती. खरी आग कुठली आणि लावलेली कुठली, हे ते राखेकडे बघून सांगत. 'माणूस खोटं बोलतो, वस्तू बोलत नाही,' हे त्यांचं ब्रीद. निवृत्त झाल्यावर इथे फ्लॅट घेतला, सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि हॉलच्या भिंतीवर तापमान आणि आर्द्रता दाखवणारं, सेलवर चालणारं यंत्र लावलं. छत्तीस आणि एक्क्याऐंशी. सदतीस आणि चौऱ्याऐंशी. रोज दुपारी तीनला वहीत टिपायचं म्हणजे टिपायचं.

घरात दुसरं माणूस म्हणजे रमा, त्यांची बायको. तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसाला एक लिटर पाणी, त्यावर घोट नाही, नाहीतर फुप्फुसात चढेल. चारुदत्तांनी एका बाटलीवर मार्करने दहा रेघा मारल्या आणि ते स्वतःच्या हाताने तिला रेघेरेघेने पाणी देऊ लागले. माया होती हो, नाही कशाला म्हणा. पण त्यांची माया मापात ओतलेली असायची, आणि समोरच्या बाईच्या घशाला कोरड पडलीय हे मापाला कुठे दिसतं?

"अहो, तेवढंच प्यायचं तर माठातलं तरी द्या," ती म्हणायची. "जळ्ळं मेलं ते फ्रिजचं पाणी, तहानच भागत नाही."

माठ होता, सोसायटीच्या गेटबाहेर करंजाच्या झाडाखाली. जवळच्या गव्हाण गावची गोदूबाई तिथे ताडगोळे विकायला बसे आणि रोज सकाळी तो माठ भरून ठेवी. बिल्डिंग उभी राहायच्या आधीपासून ठेवत आली होती. आता विमानतळाच्या कामावरचे डंपरवाले तिथे गाड्या लावून पाणी पीत. चिखल होई, डास होत. मीटिंगमध्ये ठराव झाला, माठ हटवा. ठराव अर्थातच चारुदत्तांचा.

ते स्वतः खाली गेले. गोदूबाई ताडगोळे सोलत होती.

"नका हलवू सायेब," ती म्हणाली. "हितं आमच्या मिठागराचं दार व्हतं, खाडीचं पाणी आत घ्यायचं. चहूकडं पाणी, अन घोटभर प्यायला नाय. माजा सासरा हितं माठ भरून ठेवायचा. त्याचा बाप पन."

"कुणासाठी?"

"तहान लागंल त्याच्यासाठी." तिने कोयता खाली ठेवला. "आमी इचारलं नाय कदी. भरायचा अन मागं वळून बघायचं नाय, येवढंच ठावं."

"तो जमाना गेला मावशी. आता बिसलेरी मिळते." चारुदत्त हसले. माठ मात्र छान होता, काळाभोर, पोटाला मोठा, हात लावला तर गार. त्यांना रमाची आठवण झाली. "मी घरी नेतो. फेकण्यापेक्षा बरं."

गोदूबाईने माठावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "न्यायचाच तर न्या. पन रोज भरा. अन त्याचं तोंड बंद करू नका."

चारुदत्तांनी माठ गरम पाण्याने तीनदा धुतला आणि स्वयंपाकघरात तिवईवर ठेवला. आठ लिटर पाणी मोजून ओतलं. त्या दिवशी रमा पहिल्या रेघेचं पाणी डोळे मिटून प्यायली. "आहाहा!" म्हणाली. किती दिवसांनी त्यांनी तिला असं तृप्त बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तीनला वीज आली तेव्हा माठ निम्मा झाला होता.

पाझरतो, म्हणून त्यांनी खाली परात ठेवली. परातीत वाटीभर पाणी आलं आणि माठातलं चार लिटर गेलं. त्यांनी वहीत नवा रकाना आखला. रोज सकाळी आठ लिटर, दुपारी चार. जायचं ते बारा ते तीनच्या मध्ये, चारुदत्त बेडरूममध्ये उघड्या अंगाने पडलेले असायचे तेव्हा. रमा हॉलमधल्या खुर्चीत बसलेली असायची, आडवं झालं की तिला धाप लागे.

"रमा, तू उठून पाणी पितेस का?"

"नाही हो. मला उठवतंय कुठे?" तिने स्वयंपाकघराकडे बघितलं. "पण कुणीतरी पितं. मला ऐकू येतं. घटाघटा, श्वास न घेता."

स्वयंपाकघराच्या काळ्या फरशीवर त्यांना पांढुरके डाग दिसले होते. पावलांचे. ओला पाय वाळून मीठ उमटावं तसे. मुख्य दारापासून तिवईपर्यंत येणारी पावलं होती, जाणारी नव्हती. आपल्याच घामाची असतील, म्हणून त्यांनी फडकं मारलं. डागांचं माप त्यांच्या तळव्यापेक्षा बरंच लहान होतं, पण ते काही त्यांनी वहीत लिहिलं नाही.

मनात संशय एकच. घरात दोन माणसं, त्यातलं एक तहानेलं. चौतीस वर्षांचा अनुभव काय सांगतो?

"चार लिटर, रमा! मरशील अशाने!" ते ओरडले. आवाजात राग होता त्याहून भीती जास्त होती. "निदान खोटं तरी बोलू नकोस."

रमाचे डोळे भरले. "छत्तीस वर्षांच्या संसारात मी कधी खोटं बोलले का हो तुमच्याशी?"

सोमवारी त्यांनी माठ उचलून अपूर्वच्या खोलीत नेला. मुलगा पुण्याला नोकरीला, खोली रिकामीच. माठावर पितळी ताट झाकलं, ताटावर वरवंटा ठेवला, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली बनियनच्या आत जानव्याला बांधली.

रमा खुर्चीतून बघत होती. "मला देऊ नका हवं तर," ती म्हणाली, "पण झाकू नका. ती बाई काय म्हणाली होती?"

"ती बाई डॉक्टर नाही."

दुपारी तीनला कुलूप काढलं. आठ लिटर. थेंब कमी नाही.

चारुदत्तांना जिंकल्यासारखं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. माणूस खोटं बोलतो, वस्तू बोलत नाही. बायकोचं खोटं पकडण्यात कसला आलाय आनंद? ते तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला. हात कोरडा होता. यंत्रावर सत्त्याऐंशी, त्यांच्या स्वतःच्या कोपरावरून धारा गळत होत्या, आणि रमाच्या तळव्याला ओल म्हणून नव्हती.

"बघ, औषध लागू पडलं," ते म्हणाले. "घाम थांबला. पायांची सूजसुद्धा उतरली."

मंगळवारी माठात आठ लिटर. रमाचे ओठ फुटले. तिने बाटलीकडे बोट दाखवलं. रेघा संपल्या होत्या, म्हणून त्यांनी ओल्या कापसाने ओठ टिपले. कापूस तिथल्या तिथे सुकला.

संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. उन्हाळा आहे, उद्या संध्याकाळी घेऊन या, असं पलीकडून सांगण्यात आलं.

बुधवारी बाराला वीज गेली. ते आज बेडरूममध्ये गेले नाहीत, हॉलमध्येच तिच्यासमोर बसले. बाहेर डंपरही थांबले होते.

"दोन दिवस, रमा," ते हळूच म्हणाले. "थेंबभर कमी झालं नाही. आता तरी कबूल कर. मी रागावणार नाही."

रमाला रडू आलं. चेहरा रडण्यासारखा झाला, खांदे हलले, डोळ्यांतून काहीच आलं नाही.

"मग ते आता काय पितं हो?" तिने विचारलं.

त्यांनी वहीने तिला वारा घातला. उकाड्याने डोळा लागला असावा, दहा मिनिटं, फार तर पंधरा.

आवाजाने जाग आली. घटाघटा, श्वास न घेता. आवाज बंद खोलीतून येत नव्हता. समोरून, खुर्चीकडून येत होता.

"रमा?"

आवाज थांबला.

फरशीवर पांढरी पावलं होती. मुख्य दारातून आत, अपूर्वच्या खोलीच्या कुलपापर्यंत. तिथे बरीच गर्दी, जागच्या जागी घुटमळल्यासारखी. तिथून वळून खुर्चीपर्यंत.

रमा खुर्चीत होती. तोंड उघडं होतं. तिच्या गालांवर, मानेवर, पापण्यांवर पांढरा थर बसला होता. मे महिन्यात मिठागराच्या कोरड्या वाफ्यावर बसतो तसा.

त्यांनी किल्ली तोडून काढली, वरवंटा फेकला, तांब्या भरून आणला आणि तिच्या तोंडात पाणी ओतलं. आता मोजलं नाही. ते तिच्या ओठांवरून ओघळून पदरात सांडलं.

हृदयच थकलेलं, त्यात हा उकाडा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. अपूर्व पुण्याहून आला. सगळे विधी झाले. चौदाव्या दिवशी सकाळी चारुदत्तांनी माठ स्वतः उचलून करंजाखाली नेऊन ठेवला, काठोकाठ भरला आणि मागे वळून न बघता वर आले. पुढे रोज भरायला जाऊ लागले.

त्यानंतर चौथ्या दिवशी ते भरायला गेले तर गोदूबाईने त्यांचा हात धरला.

"कशाला वततां सायेब? भरलेलाच हाय, आता त्यातलं कोन पीत नाय. डंपरवाले पन तोंडाला लावून थुकतात, खारट म्हणतात." तिने त्यांच्या कोरड्या तळव्यावरून अंगठा फिरवला आणि हात पटकन सोडला. ताडगोळ्यांची पाटी उचलून ती रस्त्यापलीकडे जाऊन बसली.

दुपारी वीज गेली. अपूर्व घामाने निथळत हॉलमध्ये आला, भिंतीवरच्या यंत्राकडे बघून म्हणाला, "बाप रे, एक्क्याण्णव!" मग त्याचं लक्ष बाबांकडे गेलं. ते रमाच्या खुर्चीत बसले होते. सकाळी इस्त्री करून घातलेला त्यांचा पांढरा सदरा कोरडा, कडक होता, घडीची रेघसुद्धा मोडली नव्हती.